गोळी जेवणाआधी की जेवणानंतर? औषधाची घडण, आहार आणि रक्तापर्यंतचा प्रवास

मृदगंध (धागाकर्ती)

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधाचं नाव असतं, मिलिग्रॅम असतात आणि शेवटी बारीक अक्षरात ‘रिकाम्या पोटी’ किंवा ‘जेवणानंतर’. मिलिग्रॅम आपण काटेकोर पाळतो. शेवटचे शब्द मात्र सोयीने पाळतो. मी औषधांच्या फॉर्म्युलेशनवर काम करते, म्हणजे रेणू तयार झाल्यावर त्याची गोळी, कॅप्सूल किंवा सिरप कसं घडवायचं, हे माझं रोजचं काम. त्या अनुभवावरून माझं ठाम मत आहे की ‘रिकाम्या पोटी’ हे शब्दसुद्धा डोसच आहेत. ते बदलले की डोस बदलतो. या विषयावर मराठीत फारसं वाचायला मिळत नाही, म्हणून हा धागा.

रिवारोक्साबॅनपासून सुरुवात करते. रक्तात गुठळ्या होऊ नयेत म्हणून हे औषध देतात. याची १० मिलिग्रॅमची गोळी जेवून घ्या की उपाशीपोटी, फरक पडत नाही. २० मिलिग्रॅमची गोळी उपाशीपोटी घेतली तर मात्र सुमारे ६६ टक्केच औषध रक्तात पोहोचतं. जेवणासोबत घेतली तर जवळजवळ सगळं. कारण हा रेणू पाण्यात नीट विरघळत नाही. १० मिलिग्रॅमला आतड्यातला द्रव पुरतो, २० ला पुरत नाही. जेवण झालं की पित्तरस येतो, स्निग्धांश येतो, गोळी आतड्यात जास्त वेळ रेंगाळते आणि उरलेलं औषधही विरघळतं. आता हे औषध पक्षाघात टाळण्यासाठी घेणारा माणूस रोज उपाशीपोटी गोळी घेत असेल, तर एक तृतीयांश औषध वाया जातंय आणि त्याला काहीही जाणवत नाही. ना दुखत, ना चक्कर येत. मला या गोष्टीची सगळ्यात जास्त काळजी वाटते.

आता याच्या अगदी उलट उदाहरण. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून देतात ते अ‍ॅलेंड्रोनेट. रात्रभर उपाशी राहून, साध्या पाण्यासोबत घेतलं तरी जेमतेम ०.६ ते ०.७ टक्के औषध रक्तात जातं. हो, एक टक्कासुद्धा नाही, आणि तेवढं पुरतं असं गृहीत धरूनच डोस ठरवलेला आहे. तीच गोळी कॉफी किंवा संत्र्याच्या रसासोबत घेतली तर त्या चिमूटभरातलंही साधारण ६० टक्के कमी होतं. जेवणासोबत घेतली तर शोषण नगण्य.

दोन्ही गोळ्या दिसायला सारख्याच साध्या, पण सूचना विरुद्ध. यामागचा विचार मांडणारी सोपी चौकट गॉर्डन अमिडॉन आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये दिली. दोनच प्रश्न: औषध विरघळतं का? आणि विरघळल्यावर आतड्याची भिंत ओलांडतं का? दोन प्रश्नांच्या उत्तरांतून औषधांचे चार वर्ग पडतात. जे विरघळत नाही पण भिंत सहज ओलांडतं, त्याला जेवण बहुधा मदत करतं. जे विरघळतं पण भिंतीशी अडतं, त्याच्या वाटेत जेवण बहुधा आडवं येतं. नियम म्हणून नाही, कल म्हणून लक्षात ठेवा. अपवाद पुष्कळ आहेत.

आणि घडणीचं महत्त्व किती, तर १९६८ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात, ब्रिस्बेन शहरात, फेफऱ्यासाठी फेनिटॉइन घेणाऱ्या अनेक रुग्णांमध्ये अचानक विषबाधेची लक्षणं दिसू लागली. तोल जाणं, बोलताना जीभ अडखळणं, डोळे थरथरणं. डोस तोच होता, औषध तेच होतं. बदललं होतं ते फक्त कॅप्सूलमधलं भरण: कॅल्शियम सल्फेटऐवजी लॅक्टोज. कॅल्शियमच्या भरणात काही फेनिटॉइन अडकून राहत होतं आणि डॉक्टरांनी त्या अडकलेल्या हिशेबानेच डोस बसवलेले होते. लॅक्टोजने ते मोकळं केलं. फेनिटॉइनच्या बाबतीत यकृताची क्षमता लवकर संपते, त्यामुळे रक्तात थोडं जास्त गेलं तरी पातळी एकदम चढते. ज्या पदार्थाला आपण ‘निष्क्रिय’ म्हणतो त्याने हे केलं. माझ्या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी ही गोष्ट सांगते.

तुमचे अनुभव, शंका लिहा. जमेल तसं उत्तर देईन.

काउंटरमागून

उत्तम धागा, वाचनखूण साठवली. मी औषधविक्रेता आहे. लोक सर्वांत जास्त विचारतात ते “गोळी दुधासोबत चालेल का?” बहुतेक औषधांना चालतं, पण टेट्रासायक्लिन गटातल्या अँटिबायोटिक्सना आणि सिप्रोफ्लॉक्सासिनसारख्यांना नाही. दुधातलं कॅल्शियम त्यांना धरून ठेवतं, मग ते आतड्यातून पुढे जात नाहीत. पोटाला त्रास नको म्हणून माणूस प्रेमाने दूध देतो आणि संसर्ग मात्र आटोक्यात येत नाही.

दुसरा मुद्दा गोळ्या कुटण्याचा. वयस्कर माणसांना गिळता येत नाही म्हणून घरात गोळी कुटून देतात. नावामागे ‘एसआर’, ‘ईआर’, ‘एक्सएल’ अशी अक्षरं असली तर विचारल्याशिवाय कुटू नका. दिवसभर हळूहळू सुटायचं औषध एका दमात सुटतं. रक्तदाबाच्या किंवा तीव्र वेदनाशामक औषधांच्या बाबतीत हे जिवावर बेतू शकतं. आम्लपित्तावरच्या ओमेप्राझोलच्या कणांवरचं आवरणही असंच. ते औषध आम्लात टिकत नाही, म्हणून जठर पार होईपर्यंत त्याला कवच दिलेलं असतं. कण चावले की ते कवच गेलं.

साधीसुधी

आईला सकाळी थायरॉइडची गोळी, कॅल्शियम आणि लोहाची गोळी अशा तिन्ही एकत्र देते, कारण एकदा दिलं की विसरायची भीती नाही. हा धागा वाचून धास्तावले आहे. तिचा टीएसएच (थायरॉइडच्या रक्ततपासणीतला आकडा) काही केल्या जागेवर येत नाही आणि दर वेळी थायरॉइडचा डोस वाढतो. याचा एकमेकांशी संबंध असेल का?

मृदगंध

साधीसुधीताई, असू शकतो, आणि हे डॉक्टरांना नेमकं याच शब्दांत सांगा: तिन्ही गोळ्या एकत्र देते. लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइडच्या गोळीतलं औषध, कॅल्शियमला आणि लोहाला चिकटतं आणि शोषलं जात नाही. म्हणून ते सकाळी रिकाम्या पोटी, नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी, साध्या पाण्यासोबत घ्यायचं आणि कॅल्शियम किंवा लोहापासून चार तासांचं अंतर ठेवायचं. कॉफीनेही शोषण घटतं, तीही त्या वेळेत नको.

पण एक गोष्ट महत्त्वाची. वेळा बदलल्यावर तोच डोस आता जास्त पडू शकतो, कारण इतके दिवस तो अडथळ्यासकट वाढवत नेलेला आहे. ब्रिस्बेनच्या फेनिटॉइनसारखंच आहे हे. त्यामुळे आधी डॉक्टरांना कळवा, वेळा बदला आणि सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा तपासा. छातीत धडधड, हात कापणं असं काही वाटलं तर तेवढंही थांबू नका.

कॅल्शियम आणि लोहसुद्धा एकमेकांपासून लांब ठेवलेलं बरं. कॅल्शियम कार्बोनेट असेल तर जेवणासोबत, कारण त्याला विरघळायला आम्ल लागतं. सिट्रेट असेल तर कधीही चालतं. आम्लपित्तासाठी रोज गोळी घेणाऱ्यांना म्हणूनच अनेकदा सिट्रेट सुचवतात.

आहारवेध

लोहाचा विषय निघालाच आहे तर थोडं सविस्तर. मी आहारतज्ज्ञ आहे. जीवनसत्त्व ‘क’ लोहाचं शोषण वाढवतं, चहा-कॉफी कमी करतात, हे बहुतेकांना माहीत असतं. त्यापुढची गोष्ट जास्त रंजक आहे. लोहाचा मोठा डोस घेतला की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक सोडतं आणि ते साधारण दिवसभर आतड्याचं दार अर्धवट लोटून ठेवतं. म्हणजे आजच्या गोळीमुळे उद्याच्या गोळीचं शोषण घटतं. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट हिमॅटॉलॉजी’त एक अभ्यास आला. ज्यांच्या शरीरातला लोहसाठा कमी होता अशा तरुण स्त्रियांना एका गटात रोज आणि दुसऱ्या गटात एक दिवसाआड ६० मिलिग्रॅम लोह दिलं. रोजच्या गटात १६.३ टक्के शोषलं गेलं, दिवसाआडच्या गटात २१.८ टक्के. गोळी तीच, फक्त मधे एक दिवस रिकामा.

हे वाचून कुणी परस्पर दिवसाआड सुरू करू नये. त्या स्त्रियांना रक्तक्षय नव्हता. तीव्र रक्तक्षय असेल, गरोदरपण असेल तर एकूण किती लोह लवकर भरून काढायचं आहे हा हिशेब वेगळा असतो. पण ज्यांना रोजच्या गोळीने मळमळ, बद्धकोष्ठता होते आणि जे त्यामुळे औषधच सोडून देतात, त्यांनी डॉक्टरांना हा पर्याय जरूर विचारावा. सोडून दिलेली गोळी शून्य टक्के शोषली जाते.

प्रश्नचिन्ह

माझा प्रश्न जेनेरिक औषधांबद्दल. घडण इतकी महत्त्वाची असेल तर जेनेरिक कसं विश्वासार्ह? नियमच असा आहे ना, की जेनेरिकमध्ये औषध ८० टक्के ते १२५ टक्के असलं तरी चालतं? म्हणजे २० टक्के कमी चालतं! ब्रिस्बेनचं उदाहरण देऊन तुम्ही स्वतःच जेनेरिकविरुद्धचा पुरावा दिलात असं मला वाटतं.

मृदगंध

प्रश्नचिन्ह, हा गैरसमज फार पसरलेला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

८० ते १२५ ही गोळीतल्या औषधाची मर्यादा नाही. गोळीतलं औषध दोन्हींत तेवढंच असावं लागतं. ही मर्यादा आहे ती निरोगी स्वयंसेवकांच्या रक्तात दिसणाऱ्या पातळीच्या गुणोत्तराची. त्यातही सरासरी ८० ते १२५ मध्ये असून भागत नाही. त्या सरासरीभोवतीचा ९० टक्के विश्वासार्हता पट्टा, म्हणजे खरी सरासरी जिथे असण्याची दाट शक्यता आहे तो पल्ला, आख्खाच्या आख्खा त्या चौकटीत बसावा लागतो. जेनेरिक खरोखर २० टक्के कमी पडत असेल तर पट्ट्याचं एक टोक हमखास बाहेर जातं आणि मंजुरी मिळत नाही. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने मंजूर केलेल्या जेनेरिकांचे २,०७० अभ्यास एकत्र करून २००९ मध्ये आढावा प्रसिद्ध झाला. रक्तात एकूण पोहोचलेल्या औषधात मूळ आणि जेनेरिकमधला सरासरी फरक साधारण साडेतीन टक्के निघाला. आणि ज्यांचा सुरक्षित पट्टा, म्हणजे गुणकारी आणि घातक पातळीमधलं अंतर, अरुंद आहे अशा औषधांसाठी नियामक अजून कडक मर्यादा लावतात.

ब्रिस्बेनची घटना या नियमांच्या आधीची आहे. १९७१ मध्ये हृदयाच्या डिगॉक्सिनबद्दल असंच निघालं: वेगवेगळ्या उत्पादनांनी रक्तातली पातळी सातपटीपर्यंत वेगळी येत होती. डिगॉक्सिनच्या बाबतीत सातपट म्हणजे काय, ते डॉक्टर सभासद सांगू शकतील. अशा धक्क्यांमधूनच ही समतुल्यतेची चाचणी जन्माला आली. त्यामुळे तो जेनेरिकविरुद्धचा पुरावा म्हणता येणार नाही. चाचणीशिवायच्या काळात काय होत होतं, त्याचा तो पुरावा आहे.

तरी तुमची शंका सगळी उडवून लावणार नाही. २०१२ मध्ये एफडीएने नैराश्यावरच्या ब्युप्रोपियॉनच्या, हळूहळू सुटणाऱ्या ३०० मिलिग्रॅमच्या एका जेनेरिकला समतुल्य नसल्याचं जाहीर केलं. मंजुरीच्या वेळी चाचणी १५० मिलिग्रॅमच्या गोळीवर झाली होती आणि ३०० चा निष्कर्ष त्यावरून काढला होता. रुग्ण वर्षानुवर्षं तक्रार करत होते. त्यांचं बरोबर होतं. म्हणून मी म्हणते, साध्या गोळीचं जेनेरिक निर्धास्त घ्या. हळूहळू सुटणाऱ्या किंवा अरुंद पट्ट्याच्या औषधाचा उत्पादक बदलला आणि काही वेगळं वाटलं तर ते मनाचे खेळ म्हणून सोडून देऊ नका. तारीख लिहून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा.

प्रश्नचिन्ह

पट्ट्याचा मुद्दा नवीन होता, समजला. धन्यवाद. मग उलट बाजूने विचारतो. शोषण वाढवणं चांगलंच असेल तर ‘शोषण वीसपट’ असं लिहिलेली हळदीची वगैरे पूरकं का घेऊ नयेत? तिथे तर फॉर्म्युलेशनचंच कौशल्य वापरलेलं आहे.

आहारवेध

याचं उत्तर मी देते, कारण माझ्याकडे येणाऱ्यांपैकी अनेकांच्या पिशवीत ही डबी असते.

वीसपटीचा आकडा आला तो १९९८ च्या एका अभ्यासातून. दोन ग्रॅम कर्क्युमिनसोबत, म्हणजे हळदीतल्या पिवळ्या द्रव्यासोबत, २० मिलिग्रॅम पिपेरिन, म्हणजे मिऱ्यातलं तिखट द्रव्य, दिल्यावर माणसांच्या रक्तातलं कर्क्युमिन २,००० टक्क्यांनी वाढलं. मूळ पातळी जवळजवळ शून्य असते, त्यामुळे टक्केवारी मोठी दिसते, हा एक भाग. महत्त्वाचा भाग पुढे आहे. पिपेरिन हे करतं कसं? आतडं आणि यकृत परक्या रेणूंना बाहेर काढण्यासाठी त्यांच्यावर जी प्रक्रिया करतात, तीच ते मंदावतं. ती यंत्रणा काही फक्त कर्क्युमिनसाठी नसते. फेनिटॉइन, रक्तदाबाचं प्रोप्रॅनोलॉल, दम्याचं थिओफिलिन यांची रक्तातली पातळीही पिपेरिनने वाढल्याचं दिसलेलं आहे. स्वयंपाकातल्या चिमूटभर मिऱ्याबद्दल मी बोलत नाही. रोज कॅप्सूलमधून घेतलेल्या अर्काबद्दल बोलते आहे.

आणि हळदीच्या पूरकांमुळे यकृताला इजा झाल्याची प्रकरणं इटलीत २०१९ मध्ये आणि नंतर अमेरिकेतही नोंदली गेली. अमेरिकेतल्या प्रकरणांत बऱ्याच जणांच्या पूरकात पिपेरिन होतं आणि अनेकांमध्ये एक विशिष्ट जनुकीय खूणही आढळली. जेवणातली हळद शतकानुशतकं सुरक्षित आहे, कारण तिच्यातलं फारच थोडं रक्तात जातं. शोषण वाढवलं की तो जुना अनुभव लागू राहत नाही. तो नवा पदार्थ होतो आणि त्याची सुरक्षितता नव्याने तपासावी लागते.

बीटा-कॅरोटिनने हा धडा आधीच दिला होता. गाजर, पालेभाज्या खाणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग कमी दिसतो, म्हणून फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी केली. १९९४ मध्ये निकाल आला: बीटा-कॅरोटिनची गोळी घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त. अमेरिकेतली तशीच दुसरी चाचणी १९९६ मध्ये मुदतीआधी थांबवली गेली. भाजीतलं कॅरोटिन आणि गोळीतलं कॅरोटिन रेणू म्हणून तेच. डोस, वेग, सोबतचे घटक आणि घेणाऱ्याचं शरीर वेगळं. पूरकं विकताना ही गोष्ट कुणी सांगत नाही, याचा मला मनापासून राग येतो.

काउंटरमागून

+१. रोज औषधं घेणाऱ्याने पूरकाची डबीसुद्धा डॉक्टरांना दाखवावी. चिठ्ठीत नसते म्हणून ती कुणाच्या हिशेबातच येत नाही.

मृदगंधताई, ग्रेपफ्रूट या संत्र्याच्या जातीच्या कडवट फळाबद्दलही लिहा ना. ‘या औषधासोबत ग्रेपफ्रूट नको’ असं माहितीपत्रकावर वाचतात आणि फळांचे सगळेच रस बंद करतात लोक.

मृदगंध

ग्रेपफ्रूटचा शोध योगायोगाने लागला. कॅनडात डेव्हिड बेली आणि सहकारी रक्तदाबाच्या फेलोडिपिनवर अल्कोहोलचा परिणाम होतो का ते पाहत होते. अल्कोहोलची चव लपवायला ग्रेपफ्रूटचा रस वापरला आणि औषधाची पातळी अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त आली. दोष रसाचा निघाला. १९९१ मध्ये त्यांनी तो ‘लॅन्सेट’मध्ये मांडला. या रसातली फ्युरॅनोकुमॅरिन्स आतड्याच्या भिंतीतलं, औषध मोडणारं सीवायपी३ए४ हे विकर (एन्झाइम) कायमचं निकामी करतात, म्हणून औषध जास्त प्रमाणात रक्तात जातं. पेशी नवं विकर बनवेपर्यंत परिणाम राहतो, म्हणून ‘रस सकाळी, गोळी रात्री’ ही युक्ती चालत नाही. कोलेस्टेरॉलवरच्या सिमव्हास्टॅटिनसारख्या काही औषधांना हे फार लागू आहे, पुष्कळांना अजिबात नाही. नेहमीची गोड संत्री या बाबतीत निर्दोष आहेत, पण अ‍ॅलर्जीच्या फेक्सोफेनाडिनला संत्र्याचा, सफरचंदाचा रसही नडतो. तिथे उलट घडतं, शोषण घटतं, कारण औषधाला आत घेणारा वाहकच रस अडवतो. तेव्हा रस बंद करायची गरज नाही. गोळी पाण्यासोबत घ्या, आणि ग्रेपफ्रूट खात असाल तर आपल्या औषधासोबत ते चालतं का हे विचारा.

अजून एक लिहायचं राहिलं होतं. फॉर्म्युलेशन आणि पोषण यांची सर्वांत सुंदर भेट मला ओआरएसमध्ये दिसते. जुलाबात नुसतं पाणी प्यायलं तर ते आतड्यात नीट शोषलं जात नाही. सोडियम आणि ग्लुकोज मात्र एकाच वाहकातून जोडीने आत जातात आणि त्यांच्यामागून पाणी जातं. ही जोडी पटकीच्या आजारातही शाबूत राहते. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या पश्चिम बंगालमधल्या बनगाव इथल्या छावणीत सलाइन संपत आलेलं असताना डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजची पुडकी वापरली. आधी तीस टक्क्यांच्या आसपास असलेलं मृत्यूचं प्रमाण ३.६ टक्क्यांवर आलं. पुढे पुडक्यातल्या बायकार्बोनेटच्या जागी सिट्रेट आलं, कारण दमट हवेत ते जास्त टिकतं. २००२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सोडियम आणि ग्लुकोज दोन्ही प्रति लिटर ७५ मिलिमोल केले, कारण कमी तीव्रतेच्या द्रावणाने जुलाब आणि उलट्या कमी होतात. म्हणून पुडकं नेमक्या सांगितलेल्या पाण्यातच विरघळवायचं. ‘थोडं घट्ट केलं तर जास्त गुण येईल’ असं समजून पाणी कमी घातलं तर बाळाच्या शरीरातलं मीठ धोकादायक वाढू शकतं.

साधीसुधी

डॉक्टरांशी बोलले. कॅल्शियम दुपारी आणि लोह रात्री करायला सांगितलं, थायरॉइडचा डोस सध्या तोच, सहा आठवड्यांनी तपासणी. सगळ्यांचे आभार.

अजून एक विचारू का? बाबांना मधुमेहासाठी तोंडाने घ्यायची सेमाग्लुटाइडची गोळी दिली आहे आणि ‘घोटभर पाण्यासोबतच’ असं बजावलं आहे. भरपूर पाणी प्यायलं तर चांगलं नाही का? आणि मेटफॉर्मिनची लांबट गोळी त्यांना शौचात जशीच्या तशी दिसली, त्यामुळे औषध लागूच पडत नाही असं त्यांनी ठरवून टाकलं आहे.

मृदगंध

सेमाग्लुटाइड हा मोठा, पेप्टाइड जातीचा रेणू, जठरात लगेच नष्ट होणारा. गोळीत त्याच्यासोबत एसएनएसी नावाचा घटक आहे. तो गोळीच्या अगदी आसपासचं आम्ल तेवढ्यापुरतं कमी करतो आणि औषधाला जठराच्याच भिंतीतून आत जायला मदत करतो. इतकं करूनही रक्तात जातं ते साधारण एक टक्का किंवा त्याहून कमी. पाणी जास्त झालं की एसएनएसी पातळ होतो, जेवण असलं की गोळी भिंतीपर्यंत नीट पोहोचत नाही. म्हणून सकाळी रिकाम्या पोटी, जास्तीत जास्त १२० मिली पाणी, आणि त्यानंतर किमान अर्धा तास काही खाणं-पिणं नाही, दुसरी गोळीही नाही. अर्ध्या तासाने बाबांना हवं तेवढं पाणी पिऊ द्या.

मेटफॉर्मिनचं काळजीचं नाही. हळूहळू सुटणाऱ्या काही गोळ्यांमध्ये औषध एका न पचणाऱ्या जाळीत किंवा कवचात बसवलेलं असतं. आतड्यातून जाताना औषध झिरपून निघून जातं आणि उरलेला सांगाडा बाहेर पडतो, कधी मऊ लगद्यासारखा तर कधी थेट गोळीसारखा. बाबांची साखर आटोक्यात असेल तर औषध पोहोचतंय. साखर चढी असेल, किंवा जुलाबामुळे गोळी फारच लवकर बाहेर पडत असेल, तर डॉक्टरांना सांगा. गोळी मोडून किंवा कुटून देऊ नका. लागलीच तर त्यांना साध्या मेटफॉर्मिनवर नेता येतं, फक्त ती दिवसातून दोन-तीनदा जेवणासोबत घ्यावी लागेल.